सही करण्याआधी त्या बारक्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या भारतीय एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास क्रिप्टो चोरीला गेलं, आपल्या हिशोबात जवळजवळ २,००० कोटी रुपये, आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतले सगळेजण एकच सांगत सुटलेत की एक्स्चेंजवर काही ठेवू नका, हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोच्या चाव्या जपणारी छोटी डब्बी, घ्या आणि निवांत झोपा. त्यातलं पहिलं अर्धं मला पूर्ण पटतं. निवांत झोपा हे नाही पटत. कारण ज्या वॉलेटमधून ते पैसे गेले त्याच्या सह्या हार्डवेअर वॉलेटवरच होत होत्या.

हे बऱ्याच जणांना माहीतच नाहीये म्हणून जरा सविस्तर सांगते. ते मल्टिसिग वॉलेट होतं, एकाच्या सहीने पैसे हलणार नाहीत असं. एकूण सहा सह्या करणारे, पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल नावाच्या, दुसऱ्यांचं क्रिप्टो सांभाळणाऱ्या कस्टडी कंपनीचा. व्यवहार व्हायला वझीरएक्सच्या तिघांची सही लागायची आणि वर लिमिनलची. वझीरएक्सने स्वतःच सांगितलंय की त्यांची माणसं लेजर या कंपनीची हार्डवेअर वॉलेट वापरत होती. म्हणजे पुस्तकात लिहिल्यासारखी व्यवस्था, चाव्या वेगवेगळ्या माणसांकडे, चिपच्या आत बंद, इंटरनेटपासून लांब. आणि तरी गेले, कारण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि सही प्रत्यक्षात दुसऱ्याच गोष्टीवर होत होती. सह्या झाल्या आणि वॉलेटचा ताबाच चोराकडे गेला. मग वझीरएक्सने लिमिनलकडे बोट दाखवलं, लिमिनल म्हणाली आमच्या सिस्टिममध्ये काही घुसलेलं नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून जाहीर केलं की हे काम उत्तर कोरियाचं. ते सगळं आपल्या जागी. मला त्यातला एकच मुद्दा सोडत नाही. चावी कुणीही चोरली नव्हती. चाव्या शेवटपर्यंत सुरक्षित होत्या!

सात महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२५ ला, बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजचं तेच झालं. चार लाखांच्या वर इथर (बिटकॉइनसारखंच एक क्रिप्टो), साधारण १५० कोटी डॉलर. यावेळी सेफ नावाच्या वॉलेट सॉफ्टवेअरच्या एका डेव्हलपरचं मशीन आधी ताब्यात घेतलं होतं आणि तिथून वेबसाइटचा कोड बदलला होता, फक्त बायबिटसाठी. शेवटची सही कंपनीचे सीईओ बेन झू यांची, त्यांच्याही हातात लेजर. त्या छोट्या स्क्रीनवर त्यांना जे दिसत होतं त्यातून हा व्यवहार नक्की काय करणार आहे हे कळण्यासारखं नव्हतं. याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात आणि माझ्या मते आज हार्डवेअर वॉलेटबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ती हीच. सोसायटीच्या खजिनदाराने कोऱ्या चेकवर सही करून ठेवावी आणि रक्कम, नाव नंतर दुसऱ्याने भरावं, तसं आहे हे. सही अस्सल असते, बँक पैसे देणारच.

आता ती डब्बी नक्की करते काय? क्रिप्टो तिच्यात नसतं हे पहिलं. ते ब्लॉकचेनवर असतं, जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांच्या वहीत, आणि तिथून ते हलवायचा अधिकार म्हणजे प्रायव्हेट की, २५६ बिटांची एक प्रचंड मोठी संख्या. ती ज्याला माहीत त्याचे पैसे. तिथे नाव नाही, आधार नाही, पॅन नाही. ही संख्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये ठेवली की त्या मशीनमधलं प्रत्येक ॲप, प्रत्येक ब्राउझर एक्स्टेन्शन, पोरांनी गेमसाठी कुठून तरी उतरवलेली प्रत्येक फाइल हा एक दरवाजा होतो. हार्डवेअर वॉलेटने एवढंच केलं की ती संख्या एका वेगळ्या छोट्या मशीनमध्ये तयार केली आणि तिला तिथून बाहेर पडायला वाटच ठेवली नाही. लॅपटॉप व्यवहार तयार करून आत पाठवतो, डब्बी स्वतःच्या स्क्रीनवर तो दाखवते, तुम्ही बटण दाबता, आत सही होते आणि फक्त सही बाहेर येते. लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तरी प्रायव्हेट की त्याच्या हाती लागत नाही. २०१४ मध्ये प्रागच्या सातोशीलॅब्सने ट्रेझर बाजारात आणलं तेव्हा ही कल्पना पहिल्यांदा लोकांच्या हातात आली, मग पॅरिसच्या लेजरचं नॅनो एस २०१६ मध्ये आलं, आणि आता तर आपल्या भारतातलं सायफररॉकही आहे जे प्रायव्हेट की एका जागी ठेवतच नाही, एका डिव्हाइसमध्ये आणि चार कार्डांत वाटून टाकतं. मला ही कल्पना मनापासून सुंदर वाटते. म्हणूनच ती अर्धवट वापरलेली बघवत नाही.

कारण सगळे लोक चिपबद्दल बोलतात आणि स्क्रीनबद्दल कुणीच नाही. सिक्युअर एलिमेंट, म्हणजे चाव्या जपायची खास चिप, आहे का, ओपन सोर्स आहे का, ब्लूटूथ आहे का, यावर तासन्‌तास चर्चा. महत्त्वाच्याच आहेत त्या. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकनच्या सिक्युरिटी टीमने दाखवलं होतं की ट्रेझर हातात मिळालं तर विजेचा झटका नेमका देऊन साधारण १५ मिनिटांत आतला सीड, म्हणजे सगळ्या चाव्यांचं मूळ, बाहेर काढता येतो, त्यानंतर २०२३ च्या ट्रेझर सेफ ३ मध्ये त्यांनी सिक्युअर एलिमेंट घातला. पण त्यासाठी चोराला तुमच्या घरात शिरून डब्बी उचलावी लागते. स्क्रीनवर न वाचता बटण दाबणाऱ्यासाठी चोराला जगाच्या दुसऱ्या टोकाला बसूनही काम करता येतं.

घरगुती वापरात हे कसं होतं बघा. तुम्ही भावाच्या वॉलेटचा ॲड्रेस, म्हणजे खाते क्रमांकासारखा कोड, व्हॉट्सॲपवरून कॉपी केला, लॅपटॉपवर पेस्ट केला. क्लिपबोर्डवर नजर ठेवणारी मालवेअर असते, ती पेस्ट होताना तिथे चोराचा ॲड्रेस टाकते. लांबलचक अक्षरं असतात, कुणाच्या लक्षात येणार. किंवा आणखी एक, जुन्या व्यवहारांच्या यादीत तुम्ही नेहमी पाठवता त्या ॲड्रेससारखा दिसणारा, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं तीच असलेला एक ॲड्रेस कुणीतरी शून्य किमतीचा व्यवहार करून घुसवून ठेवतं, तुम्ही घाईत यादीतून तोच उचलता. दोन्ही वेळेला लॅपटॉपचा स्क्रीन तुम्हाला फसवू शकतो. डब्बीचा स्क्रीन मात्र ज्यावर खरंच सही होणार आहे तेच दाखवतो, म्हणून तो ॲड्रेस पैसे घेणाऱ्याकडून फोनवर वाचून घ्यायचा आणि डब्बीवर जुळवायचा, पूर्ण, मधली अक्षरंसुद्धा. साध्या बिटकॉइनच्या व्यवहारात एवढ्याने काम भागतं कारण तिथे दाखवायला दोनच गोष्टी असतात, कुठे आणि किती. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे प्रोग्रॅम, आणि त्यांच्यावर उभे असलेले डीफाय, एनएफटी यांच्यात अडचण आहे. तिथे बऱ्याचदा स्क्रीनवर आकडे-अक्षरांची एक माळ येते आणि खाली विचारतात, मंजूर? माझं सरळ मत आहे, जे वाचता येत नाही ते मंजूर नाही. ब्लाइंड सायनिंगची सेटिंग बंद ठेवा, आणि एखादी वेबसाइट ती चालू करायला सांगत असेल तर त्या कामासाठी वेगळं छोटं वॉलेट ठेवा ज्यात गेलं तरी चालेल एवढंच असेल. आता क्लिअर सायनिंगचे प्रयत्न चाललेत, म्हणजे स्क्रीनवर माणसाला कळेल अशा शब्दांत व्यवहार दिसावा, ते सगळीकडे होईल तेव्हा होईल.

दादाचं वॉलेट सेटअप करायला मी चिपळूणला गेले तेव्हा हे सगळं त्याला सांगत होते आणि आई शेजारी भाजी निवडत ऐकत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, “अगं, पण हे हरवलं तर बँकेत जाऊन अर्ज करायचा ना?” मी म्हटलं आई, बँकच नाहीये यात. ती म्हणाली मग कुणाकडे जायचं? कुणाकडेच नाही. आईने निवडलेली मेथी बाजूला सरकवली आणि दादाला म्हणाली, “मग ते कागदावरचे शब्द कुठे ठेवणारेस ते आधी ठरव, बाकीचं नंतर.” या विषयावर मी जे काही ऐकलंय त्यात इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

तर ते शब्द. वॉलेट पहिल्यांदा चालू केलं की ते बहुतेक वेळा १२ किंवा २४ इंग्लिश शब्द दाखवतं. २०१३ मध्ये ठरलेल्या बीआयपी-३९ नावाच्या पद्धतीत २,०४८ शब्दांची एक यादी आहे, अबँडनपासून झूपर्यंत, त्यातलेच हे शब्द. डब्बी फुटली, हरवली, कंपनी बुडली तरी हे शब्द त्याच क्रमाने ही पद्धत वापरणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या डब्बीत घातले की सगळं परत येतं. आणि हेच शब्द दुसऱ्या कुणी वाचले तर त्याला तुमची डब्बीही नको, पिनही नको. म्हणजे खरी मौल्यवान वस्तू तो कागद आहे. चुकीचा पिन लेजरमध्ये तीनदा आणि ट्रेझरमध्ये ठरावीक वेळा टाकला की डब्बी स्वतःला पुसून टाकते, पण कागदाला पिन नसतो.

आणि चिपळूणला कागद! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा दादाच्या तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात जे जे होतं त्याचा लगदा झाला. पासबुकं नवीन मिळाली, एलआयसीचे बाँड डुप्लिकेट मिळाले, घरपट्टीच्या पावत्यासुद्धा नगरपरिषदेतून निघाल्या, वेळ लागला पण निघाल्या. या २४ शब्दांची डुप्लिकेट प्रत द्यायला कुणी बसलेलं नाही. आणि पूर नसला तरी कोकणात चार महिने दमट हवा, वाळवी, बुरशी, शाई पसरते. म्हणून स्टीलची पट्टी.

दादाची पहिली कल्पना अशी की भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात ना मशीनने, त्याच्याकडूनच घालून घेऊया, तो आपल्या ओळखीचा आहे. नाही म्हणजे नाही. माणूस कितीही चांगला असो, शब्द दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेले की ते फक्त आपले राहत नाहीत. शेवटी अक्षरं ठोकायचे पंच आणले, स्टेनलेस स्टीलची जाड पट्टी आणली आणि दादाने स्वतः हातोडीने ठोकलं. बरं, पूर्ण शब्द ठोकायची गरज नसते, त्या यादीत पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द नाहीतच, त्यामुळे चार अक्षरं पुरतात. पण ती रोमन लिपीतच हवीत. आई म्हणत होती देवनागरीत लिहा म्हणजे मलाही वाचता येईल, आणि हे ऐकायला बरोबर वाटतं पण यादीत ‘बरोबर’ या अर्थाचा राइट आहे आणि ‘लिही’ या अर्थाचाही राइट आहे. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. म्हणून शब्दाला क्रमांक घालून, मोठ्या कॅपिटल अक्षरांत, जसं स्क्रीनवर आहे तसंच.

फोटो मात्र काढायचा नाही. हे मी इतक्या वेळा सांगते की लोक कंटाळतात. फोटो काढला की तो गूगल फोटोजमध्ये जातो, तिथून टीव्हीवर, पोरांच्या टॅबवर, आणि आपण ज्या कारणासाठी दहा-पंधरा हजारांची डब्बी घेतली ते कारणच संपलं. स्वतःला ईमेल करणं, नोट्समध्ये सेव्ह करणं, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं, सगळं तेच.

मग पैसे टाकण्याआधी डब्बी मुद्दाम पुसायची आणि पट्टीवर जे ठोकलंय त्यावरून परत उभी करून बघायची. पुष्कळ लोक हे करत नाहीत, भीती वाटते म्हणून. अहो रिकामी असताना भीती कसली, भीती वाटायला हवी ती नंतर. आम्ही ते केलं, ॲड्रेस तेच आले आणि मगच दादाने एक्स्चेंजवरून आधी थोडी रक्कम पाठवली, ती दिसल्यावर बाकीची. कर वगैरे त्याचं सगळं सरळ आहे, २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के आणि विकताना १ टक्का टीडीएस, त्याची स्टेटमेंट तो वेगळी काढून ठेवतो, कारण वॉलेटमध्ये आणल्यावर खरेदीचा भाव काय होता ते एक्स्चेंजच्याच कागदावर असतं आणि एक्स्चेंज कायम राहीलच असं नाही.

डब्बी कुठून घ्यायची याबद्दलही फार ढिलाई दिसते. सेकंडहँड अजिबात नाही. २०१८ च्या सुमारास परदेशात असे प्रकार झालेत की विकणाऱ्याने डब्बीबरोबर स्क्रॅच कार्ड दिलं, त्यावर २४ शब्द आधीच छापलेले, सोबत सूचना की हे टाका आणि सुरू करा. घेणाऱ्याला वाटलं कंपनीचंच आहे. शब्द अर्थातच विकणाऱ्याकडेही होते. शब्द नेहमी तुमच्यासमोर, डब्बीच्याच स्क्रीनवर, नव्याने तयार व्हायला हवेत.

आणि २०२० चं लेजरचं प्रकरण. डब्बीला काही झालं नाही, ग्राहकांची यादी फुटली. दहा लाखांच्या आसपास ईमेल, आणि त्यातल्या साधारण २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर, डिसेंबरमध्ये सगळं उघड्यावर आलं. त्यानंतर त्या लोकांना येणाऱ्या फिशिंग मेलना सीमा राहिली नाही, २०२१ मध्ये तर काहींच्या घरी पोस्टाने चक्क हुबेहूब खोट्या डब्ब्या आल्या, सोबत पत्र, की तुमची जुनी असुरक्षित झाली आहे, ही वापरा आणि आपले २४ शब्द टाका. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजरच्याच एका सहसंस्थापकाला घरातून पळवून नेलं, खंडणीसाठी त्यांचं बोट तोडलं, पोलिसांनी सोडवलं त्यांना. हे वाचून मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. आपल्याकडे लग्नकार्यात, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर लोक सहज बोलून जातात, माझ्याकडे इतके बिटकॉइन आहेत, हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवलेत. कशाला? घरच्यांना माहीत असावं, बाहेर कुणालाच नाही. पासफ्रेज म्हणून एक सोय असते, २४ शब्दांच्या वर आपण ठरवलेला आणखी एक शब्द किंवा वाक्य, तो घातला की वेगळंच वॉलेट उघडतं, पट्टी चोराच्या हाती लागली तरी मोठी रक्कम त्याला दिसत नाही. चांगली सोय आहे. पण तो विसरला तर तिथेही अर्ज करायला कुणी नाही, म्हणून आईसारख्या माणसासाठी मी ती लावत नाही.

कुणावर भरवसा ठेवायचा याचं पुण्यातलं उदाहरण आहेच. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या घोटाळ्याच्या तपासात पोलिसांना तांत्रिक मदत करणाऱ्या दोघांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधलं क्रिप्टो त्यांनी आपल्याकडे वळवलं. आरोपाचं काय ते कोर्ट बघेल. त्याच महिन्यात त्याच घोटाळ्यात सुप्रीम कोर्टाला एका आरोपीला सांगावं लागलं की वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला द्या. बँक खातं असतं तर एका पत्रावर गोठवलं असतं. इथे देशाच्या सर्वोच्च कोर्टालाही माणसाकडे चावी मागावी लागते.

मग माणूसच राहिला नाही तर? ९ डिसेंबर २०१८ ला क्वाड्रिगा या कॅनडातल्या एक्स्चेंजचे मालक जेराल्ड कॉटन जयपूरला वारले, तिशीत. बायकोने कोर्टात सांगितलं की लॅपटॉपचा पासवर्ड मला माहीत नाही, आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. पुढे चौकशीत निघालं की ती वॉलेट कित्येक महिने आधीच रिकामी होती आणि ती मुळात फसवणूकच होती, त्यामुळे उदाहरण म्हणून ते सरळ नाही. पण सुरुवातीला जगाने ती गोष्ट लगेच खरी मानली, कारण तसं खरंच होऊ शकतं, आणि प्रामाणिक घरांत होतंही. वॉलेटमध्ये नॉमिनीचा रकानाच नसतो.

म्हणून दादाच्या फाइलमध्ये मी वहिनीसाठी एक पत्र लिहून घेतलं. त्यात शब्द नाहीत. डब्बी कुठे आहे, पट्टी कुठे आहे, पिन कुणाला माहीत आहे, कुठला कॉइन आहे, मला फोन कर, आणि मी नसेन तर अमुक एकाला. आणि ठळक अक्षरांत, की गूगलवर हेल्पलाइन शोधायची नाही, फोनवर कुणीही शब्द विचारले, कंपनीचं नाव सांगितलं, पोलीस आहे म्हणाला, तरी फोन ठेवून द्यायचा. घाई करायची नाही, ब्लॉकचेनवरचे पैसे महिनाभराने काय आणि वर्षाने काय, तिथेच असतात. वहिनीने ते वाचून एक ओळ स्वतः वाढवली, पाठवताना दोघांनी मिळून स्क्रीन वाचायचा, एकटीने नाही.

आता पुढचं काम मल्टिसिगचं आहे, तीन डब्ब्या आणि त्यातल्या कुठल्याही दोघांची सही, वेगवेगळ्या कंपन्यांच्या म्हणजे एका कंपनीत घोळ झाला तरी चालेल. यात लोक एक विसरतात की दोन डब्ब्यांचे शब्द असले तरी तिसरीची पब्लिक की, म्हणजे प्रायव्हेट कीची उघड करता येणारी जोडीदार, जपलेली नसेल तर वॉलेट परत उभंच करता येत नाही, म्हणून तिन्ही पब्लिक कींची ती छोटी फाइल प्रत्येक जागी हवी, तिने कुणी पैसे काढू शकत नाही, फक्त शिल्लक बघू शकतं. एक डब्बी दादाकडे, एक माझ्याकडे ठाण्याला. तिसरी चिपळूणच्या लॉकरमध्ये ठेवू म्हणाला, पण ज्या शहरात एकदा पाणी वरच्या मजल्यापर्यंत आलंय तिथेच दोन ठेवायला माझं मन तयार नाही. मावशी पुण्याला असते, तिच्या लॉकरबद्दल तिला विचारलंय.